ॲपचे कुलूप बदला: कुठे पैसे लागतात, कुठे एक रुपयाही नाही

बँक, यूपीआय, व्हॉट्सॲप, ईमेल, सीसीटीव्ही: प्रत्येक ॲप तुम्हाला ओळखण्याची एक पद्धत आधीच ठरवून देते. ती कुठे कमी पडते, बदलायची कशी आणि घरखर्चाच्या वहीत त्यासाठी किती रक्कम धरायची, याचा हा हिशेब. रिचार्जचे दर २०२५ मधले आहेत. पैसे भरण्याआधी त्या दिवसाचा दर पाहून घ्या.

नवे ॲप उतरवले की आपण ‘पुढे’, ‘मान्य’, ‘परवानगी द्या’ असे करत भराभर आत शिरतो. त्या घाईत एक मोठा निर्णय आपल्या वतीने होऊन जातो: यापुढे हे ॲप आपल्याला कशावरून ओळखणार? बहुतेक भारतीय ॲपचे उत्तर ठरलेले असते. मोबाइल नंबर टाका, एसएमएसने आलेला सहा आकडी ओटीपी टाका, झाले. कंपनीला हे सोयीचे पडते, कारण नंबर प्रत्येकाकडे असतो आणि पासवर्ड विसरल्याच्या तक्रारी येत नाहीत. आपल्यालाही ते सोपे वाटते.

पण याचा अर्थ असा, की बँक, गॅसचे बुकिंग, विमा, मुलांच्या शाळेचे ॲप, आधार, ईमेल हे सगळे एका सिमकार्डावर येऊन टेकते. सिम ज्याच्या हातात, त्याच्या हातात यातले बहुतेक सगळे. म्हणून ॲपमध्ये आयती मिळालेली सेटिंग, म्हणजे डीफॉल्ट, एकदा बसून तपासणे हे घराच्या वायरिंगची तपासणी करण्याइतकेच गरजेचे आहे. त्यातली बहुतेक कामे फुकट आहेत. जिथे पैसे लागतात, तिथे ते नेमके कशासाठी हे कळले, तर नको त्या ठिकाणी खर्च होत नाही.

दरपत्रक एका नजरेत

सिम पिन: शून्य रुपये.
व्हॉट्सॲपची दुहेरी पडताळणी: शून्य.
गूगल खात्याची पासकी, ऑथेंटिकेटर ॲप, बॅकअप कोड: शून्य.
बँकेच्या ॲपमधल्या कार्ड मर्यादा बदलणे: शून्य.
आधारला मोबाइल नंबर जोडणे किंवा बदलणे: ७५ रुपये.
फक्त बोलणे आणि एसएमएस देणारा सुमारे वर्षभराचा रिचार्ज: साधारण १,७५० ते १,८५० रुपये.
सुरक्षा किल्ली, गरज असल्यासच: एकेक तीन-चार हजारांच्या आसपास, आणि घ्यायच्या तर दोन.

ओटीपीचा खरा खर्च: नंबर जिवंत ठेवणे

ओटीपी फुकट येतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो येत राहावा म्हणून नंबर चालू ठेवावा लागतो आणि घरातला खरा खर्च तिथे आहे. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नियमानुसार प्रीपेड नंबर ९० दिवसांहून कमी काळ वापरला नाही, म्हणून कंपनी तो बंद करू शकत नाही. ९० दिवसांनंतरही खात्यात २० रुपये शिल्लक असतील, तर ते कापून नंबर आणखी ३० दिवस राखून ठेवण्याची सोय आहे. पण नंबर राखलेला असणे आणि त्यावर ओटीपी येणे यात फरक आहे. प्लॅनची मुदत संपली की आधी बाहेर जाणारे कॉल थांबतात आणि पुढे येणारी सेवाही बंद होते. मग बँकेत पैसे असूनही ओटीपीअभावी हात बांधले जातात.

घरातल्या ज्येष्ठांना इंटरनेट लागत नसेल, तर डेटा असलेला महागडा प्लॅन घेण्याची गरज नाही. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियमात बदल करून कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन ठेवायला लावले. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या अशा प्लॅनमध्ये एअरटेलचा ८४ दिवसांचा ४६९ रुपयांना आणि वर्षाचा १,८४९ रुपयांना होता. जिओचा ८४ दिवसांचा ४४८ रुपयांना आणि ३३६ दिवसांचा १,७४८ रुपयांना. वर्षाचे १,८४९ म्हणजे दिवसाला साधारण पाच रुपये. हे प्लॅन कंपनीच्या ॲपमध्ये अगदी वर दिसत नाहीत, खाली जाऊन शोधावे लागतात. दुकानदाराला ‘फक्त कॉल आणि एसएमएसचा’ असे स्पष्ट सांगा.

दुसरा मुद्दा नंबर कोणाचा आहे याचा. आजीच्या बँकखात्याला नातवाचा नंबर, आईच्या आधारला वडिलांचा, गावाकडच्या काकांच्या खात्याला सिम विकणाऱ्या दुकानदारानेच टाकलेला, हे आपल्याकडे घरोघर आहे. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीच्या वेळी महाराष्ट्रभर याचा त्रास झाला. ओटीपी आधारशी जोडलेल्या नंबरवर जायचा आणि तो नंबर बंद पडलेला तरी असायचा किंवा दुसऱ्याच्या खिशात. रेल्वेच्या तत्काळ तिकिटांनाही जुलै २०२५ पासून आधार पडताळणी लागते.

आधार केंद्रावर मोबाइल नंबर बदलण्याचे शुल्क १ ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये आहे. त्याआधी ते ५० होते. यासाठी कागदपत्र लागत नाही, आधारधारकाने स्वतः जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात. कोणी जास्त मागितले तर पावती मागा. शुल्क पावतीवर छापलेले असते.

जुना नंबर सोडण्याआधी तो बँक, आधार आणि ईमेलमधून काढा. बंद केलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, हे ट्रायने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले आहे. तुमच्या खात्याचा ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या फोनवर वाजू नये, ही काळजी तुम्हीच घ्यायची आहे.

तुमच्या नावावर एकूण किती सिम चालू आहेत हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर किंवा ॲपवर दिसते. न ओळखीचा नंबर दिसला, तर तिथेच ‘माझा नाही’ असे कळवता येते. फोन चोरीला गेल्यास तो सगळ्या नेटवर्कवर बंद करण्याची सोयही तिथेच आहे. दोन्ही कामांना शुल्क नाही.

परदेशी राहणाऱ्यांसाठी

दुबई, मस्कत, लंडन, न्यू जर्सी इथे राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांचा भारतातला नंबर केवळ ओटीपीसाठी चालू असतो. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने जानेवारी २०२३ मध्ये दहा देशांच्या मोबाइल नंबरवर अनिवासी भारतीयांच्या एनआरई आणि एनआरओ खात्यांना यूपीआयची मुभा दिली: सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, हाँगकाँग, ओमान, कतार, अमेरिका, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि ब्रिटन. तुमची बँक ही सोय देत असेल, तर तिथला नंबर खात्याला जोडा आणि इथल्या सिमच्या रिचार्जमधून मोकळे व्हा. भारतीय सिम ठेवायचेच असेल, तर निघण्याआधी त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या. येणाऱ्या एसएमएसला रोमिंगवर सहसा पैसे पडत नाहीत. पाठवलेल्या एसएमएसला चांगलेच पडतात. नव्या फोनवर यूपीआयच्या नोंदणीसाठी तुमच्या सिमवरून एसएमएस जावा लागतो, म्हणून ती विमानात बसण्याआधीच करावी.

पहिले काम: सिमला पिन

फोनला बोटाच्या ठशाचे कुलूप आहे, म्हणून आपण निश्चिंत असतो. चोर ते कुलूप तोडायच्या भानगडीत पडत नाही. तो सिम काढतो आणि दुसऱ्या फोनमध्ये घालतो. आता ओटीपी त्याच्याकडे येतात. ‘पासवर्ड विसरलो’ हे बटण दाबायला त्याला तेवढे पुरते.

सिम पिन हे थांबवतो. पिन लावलेले सिम कोणत्याही फोनमध्ये घातले किंवा फोन बंद करून सुरू केला, की आधी चार ते आठ आकडी पिन मागितला जातो. अँड्रॉइडमध्ये सेटिंगच्या सुरक्षा विभागात ‘सिम लॉक’ शोधा. आयफोनमध्ये मोबाइल सेवेच्या सेटिंगमध्ये ‘सिम पिन’. पहिल्यांदा सुरू करताना कंपनीने दिलेला मूळ पिन टाकावा लागतो. तो अंदाजाने टाकू नका. कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारा, मग स्वतःचा नवा पिन ठेवा. तीन वेळा चुकला तर सिम अडकते आणि पीयूके नावाचा आठ आकडी क्रमांक लागतो, तोही कंपनीच देते. पीयूके दहा वेळा चुकला तर सिम कायमचे निकामी होते आणि बदली सिम घ्यावे लागते.

बदली सिमच्या नावाखाली होणारी फसवणूक वेगळी. कोणी तुमच्या नावाने नवे सिम काढले, तर तुमचा फोन एकाएकी ‘नेटवर्क नाही’ दाखवू लागतो. अशा वेळी टॉवरला दोष देत बसू नका. दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीला आणि बँकेला कळवा. सिम बदलल्यानंतर पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवले जातात आणि जुलै २०२४ पासून सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. हा अवधी तुमच्यासाठीच राखलेला आहे.

कॉल दुसरीकडे वळवलेले नाहीत ना, हेही पाहा. फोनच्या कॉल सेटिंगमध्ये ‘कॉल फॉरवर्डिंग’ बंद असल्याची खात्री करा. कुरिअरवाला किंवा कंपनीचा माणूस म्हणून कोणी तारांकित कोड डायल करायला सांगत असेल, तर फोन ठेवून द्या. काही ठिकाणी ओटीपी फोन करून सांगितला जातो आणि वळवलेल्या कॉलवर तो चोराला ऐकू येतो.

व्हॉट्सॲप: सहा आकडे आणि एक ईमेल

व्हॉट्सॲप नव्या फोनवर सुरू करताना फक्त एसएमएसचा कोड मागते. तो कोड कोणाला सांगितला, की खाते गेले. मग तुमच्या नावाने सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘तातडीने पैसे हवेत’ असे निरोप सुरू होतात. सेटिंग, खाते, दुहेरी पडताळणी या वाटेने गेलात, की सहा आकडी पिन ठेवता येतो. मग एसएमएसचा कोड असला तरी पिनशिवाय खाते उघडत नाही.

तिथेच ईमेल पत्ता मागितला जातो आणि बहुतेक जण तो टाकत नाहीत. टाका. पिन विसरलात आणि ईमेल नसेल, तर सात दिवस थांबावे लागते. पिन म्हणून जन्मसाल किंवा गाडीचा नंबर नको. तो ओळखीच्या माणसाला सहज सुचतो. ईमेलच ताब्यात गेले तर सगळेच उघडे पडते, म्हणून पुढचे काम ईमेलचे.

ईमेल: घरातले सर्वांत महत्त्वाचे खाते

बहुतेक ॲपचा पासवर्ड ईमेलवरून बदलता येतो. त्यामुळे गूगल किंवा ॲपलचे खाते बँकेइतकेच जपायला हवे. इथे तीन मोफत पर्याय आहेत आणि तिघांची कामे वेगळी आहेत.

पहिला पासकी. पासकी तयार करताना तुमच्या फोनमध्ये किल्ल्यांची जोडी बनते. एक गुप्त राहते, दुसरी सेवेच्या सर्व्हरवर जाते. आत शिरताना सर्व्हर एक आव्हान पाठवतो आणि फोन बोटाचा ठसा किंवा चेहरा ओळखून गुप्त किल्लीने त्यावर सही करतो. गुप्त किल्ली सर्व्हरकडे जात नाही, ठसाही जात नाही. शिवाय ही किल्ली खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते. बनावट लिंकवर हुबेहूब गूगलसारखे पान आले, तरी फोन तिथे सहीच करत नाही. ओटीपी आपण फसून सांगू शकतो. पासकी सांगण्याजोगी वस्तूच नाही. अँड्रॉइड ९ आणि आयफोनच्या आयओएस १६ पासून पुढे ती चालते. गूगलने ऑक्टोबर २०२३ पासून वैयक्तिक खात्यांना तिचा पर्याय आपणहून पुढे करायला सुरुवात केली. ‘नंतर’ म्हणून टाळत असाल, तर पुढच्या वेळी ‘हो’ म्हणा.

दुसरा ऑथेंटिकेटर ॲप. गूगल, मायक्रोसॉफ्ट यांचे ॲप मोफत आहेत. सुरुवातीला क्यूआर कोड स्कॅन केला, की दोन्हीकडे एक गुप्त आकडा साठतो आणि त्यावरून दर ३० सेकंदांनी नवा सहा आकडी कोड तयार होतो. त्याला ना नेटवर्क लागते, ना एसएमएस, ना रिचार्ज. कोकणातल्या घाटात रेंज नसतानाही तो चालतो, परदेशातही. मात्र हा कोडही बनावट पानावर टाकला तर चोरला जातो, म्हणून तो पासकीच्या खालच्या पायरीवर.

तिसरे बॅकअप कोड. गूगल एका वेळी दहा कोड देते आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. फोन हरवला तर हेच कामी येतात. ते झेरॉक्सच्या दुकानात छापू नका, फोटो काढून गॅलरीतही ठेवू नका. हाताने कागदावर लिहा आणि सोन्याच्या पावत्या किंवा घराची कागदपत्रे जिथे ठेवता, तिथे ठेवा. घरातल्या एका विश्वासू माणसाला जागा सांगून ठेवा.

एसएमएस हा इथला सर्वांत कमकुवत पर्याय आहे, हे अमेरिकेच्या मानक संस्थेनेही मान्य केले आहे. तिने २०१७ मध्ये फोन नेटवर्कवरून येणाऱ्या कोडला ‘मर्यादित’ वर्गात टाकले. एक्स या समाजमाध्यमाने तर मार्च २०२३ पासून एसएमएसची दुहेरी पडताळणी फक्त पैसे भरणाऱ्यांसाठी ठेवली आणि ऑथेंटिकेटर ॲपचा पर्याय सगळ्यांना मोफत ठेवला. म्हणजे कमी सुरक्षित पर्यायाला पैसे आणि जास्त सुरक्षित पर्याय फुकट. ग्राहक म्हणून निवड अवघड नाही.

यूपीआय आणि बँक: कोणती सेटिंग आधी पाहायची

यूपीआय ॲप नव्या फोनवर सुरू करताना ‘एसएमएस पाठवत आहोत’ असे दिसते. तो एसएमएस बँकेकडून येत नाही, तुमच्या सिमवरून बँकेकडे जातो. हे सिम याच फोनमध्ये आहे, याचा तो पुरावा असतो. त्याला तुमच्या प्लॅनचा साधा एसएमएस दर लागतो, म्हणून बाहेर जाणारे एसएमएस बंद असतील तर नोंदणी अडते. दोन सिम असतील, तर बँकेत नोंदवलेलेच निवडा.

यातूनच एक फसवणूक उपजते. ‘हा कोड अमुक नंबरवर एसएमएस करा’ असे कोणी सांगितले आणि तुम्ही तो तसाच पाठवला, तर चोराच्या फोनमधले ॲप तुमच्या नंबरशी जोडले जाऊ शकते. म्हणून कोणी दिलेला, अर्थ न लागणारा मजकूर आपल्या फोनवरून पुढे पाठवायचा नाही. ओटीपी सांगायचा नाही हे आता सगळ्यांना पाठ झाले आहे. हेही तितकेच पाठ करायला हवे.

पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीकडे पैशांची ‘मागणी’ पाठवण्याची सोयही बंद झाली आहे. जमत असेल तर चार आकडी पिनऐवजी सहा आकडी ठेवा, आणि तो फोनच्या पिनहून वेगळा असू द्या.

बँकेच्या ॲपमध्ये ‘कार्ड नियंत्रण’ हा विभाग उघडा. इथे डीफॉल्ट सेटिंग ग्राहकाच्या बाजूने ठरवल्याचे चांगले उदाहरण दिसते. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार ऑक्टोबर २०२० पासून नवे कार्ड फक्त देशातले एटीएम आणि दुकानातले यंत्र यांवरच चालू अवस्थेत येते. ऑनलाइन, परदेशी आणि कार्ड नुसते टेकवून होणारे ‘टॅप’ व्यवहार तुम्ही स्वतः सुरू करायचे. पण जुन्या कार्डांवर किंवा एकदा सुरू करून विसरलेल्या कार्डांवर ते सगळे चालूच असतात. परदेशी व्यवहार बंद करा. ऑनलाइन खरेदीची मर्यादा तुमच्या महिन्याच्या खऱ्या खर्चाइतकी आणा. पाच हजारांपर्यंत पिनशिवाय होणारा टॅप व्यवहार नको असेल, तर तोही बंद करता येतो. हे बदल दिवसरात्र करता येतात आणि मोफत आहेत.

एसएमएस सूचनांसाठी काही बँका शुल्क घेतात. तुमच्या खातेउताऱ्यात तिमाहीला अशी वजावट दिसेल. ते वाचवायला सूचनाच बंद करणे महागात पडेल. ईमेलवरची सूचना मोफत असते, ती सुरू करा आणि एसएमएसही ठेवा. हे काही रुपये वाया जात नाहीत. कसे, ते शेवटच्या भागात येईल.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये डिजिटल व्यवहारांच्या पडताळणीचे नवे निर्देश काढले आणि त्यांच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. प्रत्येक व्यवहाराला किमान दोन वेगळे घटक हवेत आणि त्यातला एक त्या व्यवहारापुरता नवा असावा, असे त्यांचे सूत्र आहे. एसएमएस ओटीपीवर बंदी नाही, पण तोच एक मार्ग ही स्थितीही राहत नाही. हे निर्देश न पाळल्यामुळे नुकसान झाले, तर भरपाई बँकेने करायची आहे. तुमची बँक ॲपमधली मंजुरी किंवा बायोमेट्रिक असा पर्याय देऊ लागली, तर तो स्वीकारा.

सुरक्षा किल्ली कोणी विकत घ्यावी

यूएसबी किंवा एनएफसीवर चालणारी छोटी किल्ली पासकीचेच काम करते, फक्त ती फोनपासून वेगळी असते. अमेरिकेत साधी किल्ली २५ ते ३० डॉलरला मिळते. आपल्याकडे आयात खर्चासह तीन-चार हजारांच्या आसपास जाते आणि जास्त सोयींची आणखी महाग. एक हरवली तर खाते अडकू नये म्हणून दोन घ्याव्या लागतात. सामान्य घराला याची गरज नाही. पतसंस्थेचे व्यवस्थापक, वकील, पत्रकार, ऑनलाइन व्यवसायाचे एकमेव खाते सांभाळणारे यांनी विचार करावा. त्यांच्यासाठीही गूगलचा विशेष संरक्षण कार्यक्रम मोफत आहे आणि २०२४ पासून तो पासकीवरही चालतो.

सीसीटीव्हीचे ॲप: सोसायटीने विसरलेले दार

कॅमेरे बसवणारा माणूस जाताना ॲप सेट करून देतो आणि पासवर्ड बहुतेक वेळा कारखान्यातून आलेलाच राहतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच्याकडे साठेक आयत्या नाव-पासवर्डांची यादी होती, तेवढी पुरली. राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातले सीसीटीव्ही चित्रण बाहेर विकले जात असल्याचे २०२५ मध्ये उघड झाले. आपल्या जिन्यातला, पाळणाघरातला, दुकानातला कॅमेरा असा उघडा राहू देणे परवडणारे नाही.

सोसायटीच्या सचिवांनी तीन गोष्टी मागाव्यात: रेकॉर्डरच्या ॲडमिन खात्याचा नवा पासवर्ड समितीसमोर ठेवणे, बसवणाऱ्याचे स्वतःचे लॉगिन काढून टाकणे, आणि प्रत्येक पाहणाऱ्याला वेगळे, फक्त पाहण्यापुरते खाते देणे. वार्षिक देखभाल करार असेल, तर हे काम त्यातच व्हायला हवे. नसेल तर एका भेटीचे शुल्क पडेल. वाय-फाय राउटरच्या ॲपलाही हेच लागू. वायफायचा पासवर्ड बदलला म्हणजे राउटरचा ॲडमिन पासवर्ड बदलला असे होत नाही. दोन्ही वेगळे आहेत.

यासाठी पैसे देऊ नका

ॲप स्टोअरवर ‘ऑथेंटिकेटर’ नावाने आठवड्याचे किंवा महिन्याचे पैसे मागणारे ॲप आहेत. मोफत ॲप नेमके तेच काम करतात. पासवर्ड साठवण्यासाठीही गूगल आणि ॲपलची फोनमधली सोय किंवा बिटवॉर्डनचा मोफत प्रकार घरासाठी पुरेसा आहे.

दुकानात दोनशे-तीनशे रुपये घेऊन ‘सिक्युरिटी सेटिंग करून देतो’ म्हणणाऱ्याकडे फोन सोपवू नका. पिन आणि बॅकअप कोड दुसऱ्याने ठेवले, तर त्यांचा उपयोगच संपला. घरातल्या तरुण मुलामुलींनी आजी-आजोबांच्या शेजारी बसून हे करावे आणि आकडे त्यांनाच टाकू द्यावेत. स्क्रीन दिसू देणारे ॲप ‘मदतीसाठी’ उतरवायला सांगणारा फोन आला, तर तो मदतीचा नाही.

आणि तरीही पैसे गेले तर

पहिला फोन १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला, दुसरा बँकेला. दोन्ही मोफत. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात उशिराची किंमत ठरवून दिली आहे. दोष तुमचा नाही आणि बँकेचाही नाही, तिसरीकडून गडबड झाली, आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवले, तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात कामकाजाचे दिवस लावले, तर सर्वसाधारण बचत खात्याला १०,००० रुपयांपर्यंतचे नुकसान तुमच्या अंगावर येऊ शकते. ओटीपी किंवा पिन स्वतः सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे सगळे नुकसान ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. ही मुदत बँकेचा संदेश मिळाल्यापासून मोजली जाते. एसएमएस सूचनेसाठी तिमाहीला कापलेले ते थोडे रुपये इथे हजारोंच्या तोडीचे ठरतात.

एका घराचा वर्षाचा हिशेब

चार माणसांचे घर धरू. तिघांचे नंबर स्वतःचे आणि चालू आहेत, आजीच्या खात्याला मात्र नातवाचा नंबर आहे. आजीसाठी वेगळे सिम, त्यावर वर्षभराचा कॉल-एसएमएस प्लॅन १,८४९ रुपये. आधारवर तो नंबर जोडायला ७५. एकूण १,९२४, म्हणजे महिन्याला सुमारे १६० रुपये. सिम पिन, व्हॉट्सॲपचा पिन, पासकी, बॅकअप कोड, कार्डाच्या मर्यादा, चौघांसाठी मिळून शून्य. दुसऱ्या वर्षी आधारचे ७५ही नाहीत.

एका रविवारी दुपारी सगळे एकत्र बसा आणि कामे या क्रमाने उरका: आधी सिम पिन, मग ईमेलची पासकी आणि बॅकअप कोड, मग व्हॉट्सॲप, मग बँकेचे कार्ड नियंत्रण, शेवटी सीसीटीव्ही आणि राउटर. आजीचा नंबर आधारला जोडायला दुसऱ्या दिवशी केंद्रावर जा, आणि तो बँकेत नोंदवायला त्याच दिवशी शाखेतही जाऊन या. या यादीत पैशांचे काम हे एकच आहे, आणि ते लांबणीवर टाकू नका. आजीचे पैसे आजीच्याच संमतीने हलावेत, हा तिचा हक्क आहे आणि त्याची किंमत दिवसाला पाच रुपये आहे.